चावीवर कोण

त्या दिवशी सकाळी मारुतरावांनी मला विचारलं, चावीवर कोण आहे. तोंडानं नाही, मोर्समधून. ते खुटबावला त्यांच्या घरी, मी शिरूरला गच्चीवरच्या माझ्या खोलीत, मध्ये भीमा आणि रस्ताभर ऊस. आम्ही दोघं हॅम, म्हणजे हौसेचे रेडिओवाले. सरकारी परवाना, ज्याचा त्याचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं अक्षर-आकड्यांचं नाव, टेबलावर रेडिओ, त्याला जोडलेली मोर्सची चावी आणि गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली तांब्याची तार. रोज सकाळी चहाच्या आधी आम्ही एकमेकांना शोधतो आणि रोमन अक्षरांत मराठी पाठवतो. पाऊस झाला का, गुडघा काय म्हणतो, खुटबावला लाईट आहे का. त्या दिवशीही मी त्यांचा कॉलसाइन पुकारला, माझा सांगितला, गुडघ्याचं विचारलं आणि ऐकायला लागले. बराच वेळ नुसती खरखर. मग त्यांचा हात आला, ठाम, रेल्वेच्या शिस्तीतला. के, ओ, एन. कोण. आणि पुन्हा, जरा सावकाश, दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला विचारतात तसं: चावीवर कोण आहे?

डोळस माणसाला हे समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. टिंब आणि रेघ, दोनच आवाज, त्यात माणूस कसा ओळखू येणार असं सगळ्यांना वाटतं. पण चालतानाही पायांचे दोनच आवाज असतात आणि जिना चढून नीलम येते आहे की दत्ता, हे मला खालच्या पायरीलाच कळतं. मोर्स पाठवणार्‍याच्या बोटाला आम्ही हात म्हणतो. अमक्याचा हात जड, तमक्याचा घाईचा. मारुतरावांच्या रेघा एकसारख्या असतात, रुळांखालच्या स्लीपरसारख्या, फक्त थट्टा करायला लागले की त्या लांबतात, हसताना गाल फुगावेत तशा. माझा हात माझ्या वडिलांसारखा आहे. वडील दौंडला रेल्वेत तारबाबू होते. रेघ ते जरुरीपेक्षा जास्त ताणायचे आणि अक्षराच्या शेवटच्या टिंबावर बोट झटकन उचलायचे. लाईनवरचे बाकीचे तारबाबू त्याला दौंडचा झोका म्हणत. तो झोका मी उचलला आणि आयुष्यभर वापरला. मला माझा चेहरा माहीत नाही. चार वर्षांची असताना देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. त्याआधी आरशात पाहिलं असेल तर ते आठवत नाही. लोक म्हणतात गालावर वण आहेत, ते मला बोटांनी कळतात, पण बोटांना कळलेला चेहरा हा भांड्यासारखा असतो, आपला वाटत नाही. हवेत, म्हणजे रेडिओवर, मात्र मी हात टाकला की कोणीतरी लांबून म्हणायचं, अनू, गुड मॉर्निंग. कॉलसाइन सांगायच्याही आधी. आणि मारुतराव तर मला लहानपणापासून ओळखणारे. ओ या अक्षरात तीन रेघा असतात, थट्टा लपवायला भरपूर जागा. मी ते अक्षर मनात परत परत वाजवून पाहिलं. रेघा लांबल्या नव्हत्या.

मी पाठवलं, मी अनू. त्यावर त्यांनी काहीच झालं नाही अशा थाटात पाच-नऊ-नऊ दिलं, म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतो आहे, आणि निरोपाचे आकडे पाठवून बंद केलं. गुडघ्याचं उत्तर नाही. मी हेडफोन काढून ठेवला. बाहेर डेपोतून पहिल्या गाड्या निघत होत्या, रांजणगावच्या कंपन्यांच्या बसेस कोपर्‍यावर ब्रेक दाबत होत्या, सगळं होतं तिथे होतं. चावीच्या गोल बटणावर बोट तसंच राहिलं होतं आणि ते बोट मला जरा थंड लागलं, दुसर्‍या कोणाचं असावं तसं. नीलम चहा घेऊन वर आली. नीलम म्हणजे माझ्या पुतण्याची, दत्ताची बायको. तिनं विचारलं, आज लवकर आटपलं? मी म्हटलं, आज नीट ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं मी तिला बोलतेय, कारण मागे एकदा तिनं ओली साडी माझ्या तारेवर वाळत घातली होती आणि मी दिवसभर बडबडले होते. "मी काही घातलेलं नाही हं तारेवर, आत्या," ती म्हणाली. "तुमच्या त्या तारेला नमस्कार करून जाते मी रोज." एरवी मी तिला काहीतरी परत ऐकवलं असतं.

हॅम लोकांत एक चाल आहे. समोरच्याचा आवाज कसाही येवो, त्याला पाच-नऊ-नऊ द्यायचं. नाव ऐकू आलं नाही, गाव ऐकू आलं नाही, तरी पाच-नऊ-नऊ. लग्नात जेवण कसं झालं विचारल्यावर सगळे जे सांगतात तेच. मारुतरावांना ही चाल मान्य नव्हती. ते खरं सांगायचे. तीन-पाच-नऊ, आवाज चिखलात रुतलाय. चार-चार-नऊ, मध्येच पळून जातोस. बाई असले तरी मला ते पळून जातोस असंच म्हणायचे, का ते देव जाणे. खोटं न बोलणारं एक तरी स्टेशन असावं म्हणून मी रोज त्यांना शोधायची. आणि मग त्या सकाळी, चहा निवून गेल्यावर, माझ्या ध्यानात आलं की हल्ली कितीतरी दिवस ते मला रोज पाच-नऊ-नऊ देत होते. मी सुखावत होते. दत्तानं नवी तार ताणून दिली त्याचा गुण आला असं धरून चालले होते.

आजारातलं मला फार थोडं आठवतं. रेल्वे क्वार्टरमधली लोखंडी कॉट, कडुलिंबाच्या पाल्याचा वास, यार्डातल्या शंटिंगचे धक्के. अंगाला हात लावायची सोय नव्हती, सगळीकडे फोड. आई बाहेर बसून रडायची. वडील ड्यूटीवरून आले की कॉटच्या पायथ्याशी बसत आणि खिशातल्या ढब्बू पैशानं कॉटच्या दांड्यावर वाजवत. टिंबाला टिचकी, रेघेला दांड्यावरून ओढ. ते मला कानांनी ऐकू यायचं नाही, कान सुजले होते. पाठीतून यायचं. लोखंडातून गादीत आणि गादीतून मणक्यात. ए, एन. ए, एन. यू. माझं नाव. मला अक्षरं कुठे येत होती, पण हे माझ्यासाठी आहे एवढं कळत होतं, आणि वाजायचं थांबलं की मी कण्हायला लागायची. आई पुढे सांगायची की त्या पंधरवड्यात त्यांनी तो पैसा झिजवला. पैसा काही झिजत नाही. पण मला तसंच आठवतं, झिजून गुळगुळीत झालेला, कारण नंतर कितीतरी वर्षं तो माझ्या खेळण्यात होता.

बरी झाल्यावर मी तारऑफिसात बसायला लागले. टेबलाखाली, वडिलांच्या पायांशी, कारण वर मुलांना परवानगी नव्हती. वर साउंडर वाजायचा, पितळेचा लहानसा हातोडा खट खट करणारा, आणि त्याच्यामागे आवाज मोठा व्हावा म्हणून सिगारेटचा रिकामा डबा ठेवलेला. खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस, सगळी स्टेशनं त्या डब्यातून बोलायची. मी टेबलाच्या पायाला पाठ लावून ऐकायची. तिथेच एक दिवस मारुतराव आले, शिकाऊ म्हणून. गव्हाच्या भुशाचा आणि पॅसेंजरच्या धुराचा वास घेऊन. त्यांना पहिले महिने काही येईना. वडील ओरडायचे, अरे टेबलाखालच्या पोरीला कळतंय. मग ते जेवणाच्या सुट्टीत टेबलाखाली भाकरी घेऊन यायचे आणि म्हणायचे, आता ह्ये काय म्हनलं त्ये सांग. मी सांगायची. चटणीतला लसूण मला मिळायचा. कधी मी मुद्दाम चुकीचं सांगायची आणि मग ते दौंडला न थांबणार्‍या गाडीची घोषणा करून यायचे. वरून वडिलांचा आवाज आणि खाली आम्ही दोघं श्वास रोखून. त्या वयात मला कोणी दिसत नाही म्हणून कधी वाईट वाटलं असेल, पण टेबलाखाली वाटलं नाही.

पुढे वडील गेले. मारुतराव आपल्या गावी, खुटबावलाच स्टेशन मास्तर झाले. मी साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. रेल्वेनं मोर्स बंद केला, साउंडर भंगारात गेले. तेव्हा मारुतराव एकदा घरी आले आणि म्हणाले, अनुताई, तुझ्या बाबांची टिकटिक हवेत हाय अजून, फक्त परवाना काढाया लागतो. आम्ही दोघांनी बरोबर परीक्षा दिली. आणि मग जे उघडलं त्याला काय म्हणू. पहाट फटफटायच्या वेळी जपानची स्टेशनं यायची, काचेच्या बांगड्यांसारखी. इंडोनेशियातला एक म्हातारा मच्छीमार रोज वार्‍याचं सांगायचा. सायबेरियातला एक जण बर्फात तार तुटली की रडवेला व्हायचा. ध्रुवाच्या बाजूनं येणारा आवाज थरथरतो, कडेनं फाटल्यासारखा, आणि तो थरथरणारा आवाज मला सगळ्यात आवडायचा. नवशिके त्याला खराब म्हणतात, मी त्या थरथरीवरून म्हणायची, हा लांबचा आहे, याला आधी घेऊ. रेडिओ आता आकडे बोलून दाखवतो, पूर्वी मी बटणांना लाखेचे ठिपके लावले होते. हवेत बाईला, कितीही वयाची असो, यंग लेडी म्हणतात. चौर्‍याहत्तराव्या वर्षी मी यंग लेडी आहे आणि बाकी सगळे ओल्ड मॅन, त्यांत कॉलेजातली पोरंही आली. वर्षानुवर्षं त्यांतल्या कोणाला ठाऊक नव्हतं की मला दिसत नाही. लपवलं नाही. विषयच निघाला नाही.

त्या प्रश्नानंतरचे दिवस मला नीट लावता येत नाहीत. मी दत्ताच्या जुन्या मोबाईलवर माझा हात रेकॉर्ड केला आणि ऐकला. पहिल्यांदा बरा वाटला. मग दार लावून परत ऐकला. एस या अक्षराला तीन टिंबं असतात. माझ्या एसच्या मागे कधीकधी चौथं टिंब निसटत होतं, पायरी संपल्यावरही पाय टाकावा तसं. रेघ सुरू होताना सरळ आणि संपताना कापरी. मी बोट बदललं, चावीची स्प्रिंग घट्ट केली, मग सैल केली. मनगट टेबलाला टेकवून पाहिलं. जेवताना आमटीची वाटी तोंडाशी नेताना मला पहिल्यांदाच कळलं की वाटीची कड दातांवर वाजते. ती कधीपासून वाजत होती? नीलमला ऐकू आलं असेल आणि ती बोलली नसेल. सगळे पाच-नऊ-नऊ देत होते, घरातसुद्धा. रेडिओवर केरळचा एक सज्जन माणूस भेटला, त्याला मी विचारलं, माझा हात कसा आहे, खरं सांगा. तो म्हणाला, फाईन बिझनेस, यंग लेडी, म्हणजे हॅम लोकांचं फारच छान. मी बंद केलं.

दत्ताला एवढंच सांगितलं की बोट दमतं. तो कंपनीत मशीनवर असतो, त्याला उपाय लगेच सुचतात. म्हणाला, आत्या, कॉम्प्युटर घेऊ, तुम्ही टाईप करायचं, मशीन मोर्स पाठवेल, एकदम परफेक्ट, हात लागणारच नाही. खरंच आहे, हवेत हल्ली निम्मे लोक तसेच पाठवतात. त्यांची अक्षरं एका साच्यातल्या विटांसारखी पडतात आणि त्यांतला कोण केरळचा, कोण पंजाबचा काही कळत नाही. मी त्याला म्हटलं, बघू. रात्री त्यानं नीलमला हळू आवाजात सांगितलेलं मला ऐकू आलं, की आत्या आता थकल्या. भिंतीपलीकडचं ऐकू येणं हे काही वरदान नाही.

मी खुटबावला फोन केला. मारुतरावांच्या बायकोनं, अनसाबाईंनी उचलला. ते रानात गेलेत म्हणाल्या. दुसर्‍या दिवशी केला, तेव्हाही रानात. तिसर्‍यांदा मी विचारलं, माझा निरोप दिलात का, तर म्हणाल्या, दिला की, पर त्येंचं कामच लई हाय. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला रानात रोज कसलं काम? म्हणजे टाळताहेत. माझ्या बिघडलेल्या हाताबद्दल बोलायला लागू नये म्हणून टाळताहेत, खोटं बोलता येत नाही म्हणून. तसं वाटलं आणि मग तसंच वाटत राहिलं. सकाळी मी चावीला हात लावेनाशी झाले. नुसती ऐकत बसायची. ठरलेल्या जागी ते येत, माझा कॉलसाइन पुकारत, थांबत, परत पुकारत. त्यांचा हात तसाच, एक तसूभर बदललेला नाही. मी उत्तर दिलं तर पुन्हा विचारतील, कोण. हाकेला ओ न देता बसणं किती कठीण असतं, ते मला माहीत नव्हतं.  रविवारी सकाळी मी नीलमला म्हटलं, माझी चांगली साडी काढ. दत्ता, मला खुटबावला ने.

न्हावरं आलं. उसाच्या मळीचा वास आला, मग गाडीच्या चाकांचा आवाज पोकळ झाला, म्हणजे भीमेचा पूल. काय विचारणार होते मी? माझा हात ओळखता येत नाही का, असं तोंडानं विचारायचं? आणि ते नाही म्हणाले तर? दत्तानं विचारलं, येताना दौंडला जायचं का, तुमचं जुनं क्वार्टर बघू. बघू म्हणाला आणि ओशाळला. मी म्हटलं, नको, तिथे आता दुसरीच भिंत असेल, हात लावून काय कळणार.

अनसाबाई दारातच भेटल्या. माझा हात धरून ओटा चढवताना त्यांची जीभ सुरूच होती. "या, अनुताई. लगीन होऊन आल्ये तवापास्नं तुमची टिकटिक आयकत्ये, एक अक्षर कळलं न्हाई. सवत आसती तर भांडले तरी आसते. ह्या पेटीशी काय भांडू?" मी हसले, पण लक्ष ओट्यावर होतं. लोखंडी कॉट करकरली. कोणीतरी बसलं होतं. ओल्या तंबाखूचा वास, तोच. मी म्हटलं, मारुतराव, मी आले. काही नाही. मी जरा मोठ्यानं म्हटलं. कॉट करकरली फक्त. अनसाबाईंनी माझा हात सोडला, पुढे गेल्या आणि इतक्या मोठ्यानं ओरडल्या की गोठ्यातलं वासरू हंबरलं: अनुताई आल्यात. "आरडू नगंस, आयकू येतंय मला," मारुतराव म्हणाले. मग माझ्या दिशेनं, अगदी आनंदानं, "ये ये अनुताई. आन् पॅसेंजर टायमात व्हती का?" मी गाडीनं आले, दत्ताबरोबर, असं मी सांगितलं. ते म्हणाले, व्हय, रविवारी लेटच असती.

अनसाबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. दिवाळीपासून कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग माणसं गेली. यंत्र आणलं होतं, ते लावलं की सगळ्या घरातली भांडी डोक्यात वाजतात म्हणून काढून फेकलं. कोणाला सांगायचं नाही असं बजावून ठेवलेलं. "तारबाबूचं कान गेलं म्हंजी मागं काय र्‍हायलं, म्हंत्यात. फोन आला की मी आपली, रानात गेल्यात. रान तर कवाच वाट्यानं दिलंय, अनुताई." मग सकाळी रेडिओवर? मी विचारलं. त्याची युक्ती सुनेची, अनिताची. तिच्या मोबाईलमध्ये काहीतरी आहे, तो स्पीकरपुढे धरला की टिकटिकीची अक्षरं होऊन काचेवर उमटतात. ते वाचून हे चावी बडवतात. बाकीच्यांची छान उमटतात. तुमची मात्र गिचमिड येते, असं अनसाबाई म्हणाल्या, ते डोळ्याला भिंग लावून बसतात, इतके दिवस वेळेवरून अंदाजानं उत्तर देऊन भागवलं, आता चिडतात आणि कोण म्हणून विचारतात.

 दौंडचा झोका. ताणलेली रेघ आणि झटकन उचललेलं टिंब. यंत्राला मापातली रेघ लागते, माझी त्याला दोन वाटत असणार. म्हणजे माझा हात शाबूत होता. ओळखणारा हरवला होता, मी नव्हे. एक क्षण मला इतकं हलकं वाटलं की मी त्या पोह्यांच्या वासाच्या खोलीत हसले असते. आणि लगेच बाहेर कॉट करकरली, आणि मला समजलं की मी कशावर हसणार होते.

बाहेर ओट्यावर येऊन मी त्यांच्या शेजारी कॉटवर बसले. हातात पोह्यांची बशी आणि चमचा. ते बोलत होते, खुटबावला आता मोजक्याच गाड्या थांबतात, फलाटाची उंची वाढवली, असलं काहीतरी, न थांबता, कारण थांबले तर मी बोलेन आणि मग ऐकायची वेळ येईल. मी त्यांचा हात शोधला. मोठा, कोरडा हात. तो मी कॉटच्या दांड्यावर ठेवला आणि वर माझा डावा हात ठेवून दाबून धरला. ते गप्प झाले. उजव्या हातात चमचा घेऊन मी दांड्यावर वाजवलं. टिंबाला टिचकी, रेघेला ओढ. के, ओ, एन. चावीवर कोण?

 माझ्या हाताखाली त्यांची बोटं हलली, दांड्याला नीट बिलगली. "दौंडचा झोका," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता, टेबलाखालचा. "परत वाजीव." मी परत वाजवलं. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत थांबून मग सांगितलं. "हात थरथरतोय तुझा, अनुताई."

 यंत्रानं नुसती गिचमिड दाखवली होती, पण हा माणूस लोखंडाला हात लावून खरं सांगत होता. त्यांचे कान गेले होते आणि माझा हातही गेला होता. एकानं दुसरं खोटं ठरणार नव्हतं. मी वाजवलं, तुमचे कान कधीपासून? ते म्हणाले, तू आधी सांग. मला खरंच माहीत नव्हतं. गोठ्यात वासरू पाणी पीत होतं, ते आम्ही ऐकलं, म्हणजे मी ऐकलं. "वाईट न्हाई," ते म्हणाले. "ध्रुवाकडनं येतो तसा येतोय. लांबनं आल्यावाणी." मग त्यांनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि दांड्यावर हळूच तीन-पाच-नऊ दिलं.

निघायच्या आधी मी दांड्यावर त्यांना सांगितलं, स्पीकरची पुढची जाळी काढा, आतल्या कागदावर बोट ठेवा, टिंब-रेघ तिथे थरथरते, हलकंच, दाबू नका, मोबाईल अनिताला परत द्या. त्यांनी ते अनसाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, तार आल्यासारखं. अनसाबाई म्हणाल्या, "म्हंजी आता सकाळ सकाळ ह्यो त्या पेटीचा हात धरून बसनार. माझा कवा धरला न्हाई." आणि मला दारापर्यंत सोडताना माझ्या पिशवीत काहीतरी कोंबलं, लसणाची चटणी होती, वासावरून कळलं.

रात्री झोप नीट नव्हती. बोट दांड्यावर ठेवणं वेगळं, मी शेजारी होते. कागदाची थरथर आणि माझी थरथर, त्यातून त्यांना काय कळणार. सकाळी मी वर गेले, दार लोटलं, रेडिओ लावला. त्यानं आकडा बोलून दाखवला. चावीवर बोट ठेवलं आणि ते कापतंय की नाही हे बघत बसले नाही, त्यांचा कॉलसाइन पुकारला, माझा दिला, सावकाश, रेघा हव्या तितक्या ताणून. गुडघा काय म्हणतो? मग ऐकायला लागले. खरखर. डेपोत गाडी मागे घेतानाची शिट्टी. जिन्यावर नीलम, कपबशीसकट. पुन्हा खरखर. मी पुन्हा पाठवलं नाही. एकदा पाठवलेलं पोचलं नसेल तर दुसर्‍यांदा पाठवून कळतं, पण मला ते कळायला नको होतं. बांबूवर कावळा बसला असावा, तार जरा हलली.

मग ते आले. के. ओ. एन.

 तेच विचारताहेत. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. चावीवर कोण आहे, त्यांनी परत पाठवलं, आणि त्या ओच्या तीन रेघा मी एकेक करून ऐकल्या. लांब. खूप लांब, आयुष्यात त्यांनी ताणल्या नव्हत्या इतक्या, शेवटची तर संपेचना. नीलमनं बशी टेबलावर ठेवली आणि विचारलं, काय झालं आत्या, हसताय का? मी हेडफोनवरचा हात काढला आणि चावीकडे न नेता कप चाचपला. चहा गरम होता. म्हातार्‍याला बोट टेकवून बसू दे जरा वेळ.